आक्कांचा विरोध

“उपमा गार व्हायलाय. आधी खाऊन घ्या, मग काय ते ठरवा,” आक्का म्हणाल्या आणि त्यांनी अध्यक्षांपुढे बशी ठेवली.

अध्यक्ष म्हणजे त्यांचाच मुलगा, धन्यकुमार. त्यांनी बशी कोपराने बाजूला सारली.

“आई, तू बस की आता. हजेरीवर तुझीच सही राहिलीय.”

आक्कांनी पदराला हात पुसले, सावकाश सही केली आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या. स्वयंपाकघरातून हाक आली तर चटकन उठता यावं, अशा.

बेडकिहाळे चरक वर्क्स लिमिटेडच्या संचालक मंडळाची सभा कारखान्यात कधी झाली नाही. ती कारखान्यासमोर, रस्त्यापलीकडच्या बंगल्यात, जेवणाच्या टेबलावर होत असे. कोल्हापूरच्या त्या भागात गुऱ्हाळातले ऊस पिळायचे चरक ओतता ओतता भूपालअण्णांनी फौंड्री उभी केली, तेव्हापासूनची ती रीत. अण्णा गेल्यावर त्यांच्या जागी त्यांच्या पत्नीला, म्हणजे आक्कांना संचालक करून घेतलं. तिसरे संचालक हेरवाडे वकील. अण्णांच्या वेळेपासूनचे. आणि टेबलाच्या टोकाला वह्या घेऊन मी, सुनंदा हुद्दार, कंपनीची सचिव. मला सगळे हुद्दारबाई म्हणत. आक्का तेवढ्या सुनंदा म्हणत.

दुसरी एक रीत होती, ती माझ्या आधीच्या सचिवांनी, हुपरीकरांनी मला शिकवली होती. सभेची विषयपत्रिका तयार करायची, त्याच वेळी सभेचं इतिवृत्तही लिहून ठेवायचं. “सभा म्हणजे प्रयोग असतो, बाई. संहिता आधी नको का?” असं ते म्हणत. कोण हजर होतं आणि सभा कधी संपली, एवढ्याच जागा मोकळ्या सोडायच्या. बाकी सगळं ठरलेलं. ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ अण्णांनी एकच अट घातली होती, सगळं मराठीत हवं. इंग्रजीत लिहिलं की आपण काय बोललो ते आपल्यालाच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. बँकेला लागेल तेव्हा मी तर्जुमा करून देत असे.

मला हे काम मनापासून आवडायचं. आता सत्तरी ओलांडून किती दिवस झाले, तरी कुठल्या सोसायटीचं, कुठल्या भजनी मंडळाचं इतिवृत्त हाती आलं की मी आधी भाषा बघते. कोण काय म्हणालं आणि काय ठरलं, हे चार ओळींत नेमकं मांडणं ही सोपी गोष्ट नाही.

तर त्या दिवशीचं इतिवृत्तही माझ्या पिशवीत तयार होतं. पहिले विषय भराभर झाले. हेरवाडे वकील उपमा खात माना डोलावत होते. मग धन्यकुमार म्हणाले, “विषय पाचवा. फौंड्री बंद करून ती जागा कामगारांच्या वसाहतीसकट विकायची. मुंबईची पार्टी आहे, सगळं बोलून झालंय. मंजूर?”

“मंजूर,” हेरवाडे म्हणाले.

“सर्वानुमते, हुद्दारबाई. पुढचा विषय...”

“माझी ना हाय,” आक्का म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या. चहा आणू का, साखर घालू का, याच्या पलीकडे नाही. त्यामुळे आधी कुणाला कळलंच नाही की त्या विषयावर बोलताहेत. धन्यकुमारांनी बशी दाखवली. “बरं, खातो की.”

“उपम्याचं न्हवं. वसाहतीचं. त्या लोकांनी ती घरं स्वतः बांधल्यात. अण्णांनी जागा दिली, शब्द दिला की इथनं तुम्हाला कोण उठवणार न्हाई. त्या टायमाला मी तिथंच हुभा होतो.” आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, बाप्यासारख्या. “फौंड्री बंद करायची तर कर. मला त्यातलं कळत न्हाई. पण घरं पाडायला माझी ना हाय.”

“आई, आपण संध्याकाळी बोलू.”

“संध्याकाळी तू हितं नसतोस.”

हे खरं होतं. धन्यकुमार बायकामुलींना घेऊन ताराबाई पार्कात वेगळे राहायला गेले, त्याला दोन वर्षं होत आली होती. सासूसुनेचं काहीतरी बिनसलं होतं. बंगल्यात आक्का एकट्या.

हेरवाडे हसले. “आक्का जुन्या आठवणीत गेल्या. चला, साहेब, पुढं.”

धन्यकुमारांनी पान उलटलं. मी पेन हातात धरून बसले होते. आपल्या पिशवीत ‘सर्वानुमते’ लिहून तयार आहे, हे मला माहीत होतं. आणि एक संचालक आत्ताच माझ्यासमोर नाही म्हणाली होती, हेही.

“आक्का,” मी विचारलं, “हे विरोध म्हणून नोंदवू का?”

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“नोंदव,” त्या म्हणाल्या, आणि बश्या गोळा करायला उठल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच धन्यकुमारांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तसे ते वाईट माणूस नव्हते. माझी आई आजारी असताना गाडी पाठवली होती त्यांनी. घरात आम्ही दोघीच, हे त्यांना ठाऊक होतं.

“बसा की. चहा सांगू?”

“नको, साहेब.”

“त्या ओळीचं काय करताय?”

“कुठल्या?”

“आता काय सोंग करता, बाई? आईच्या.”

“लिहिणार. संचालकाने विरोध नोंदवा म्हटलं की नोंदवावा लागतो.”

“आई काय संचालक आहे होय?” ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, “तसं कायद्यानं आहे. पण तुम्ही बघताय नव्हं? ती फौंड्री मला खायला उठलीय. आज ना उद्या बंदच करायची आहे. पार्टीचा वकील म्हणतोय, घरातला ठराव सर्वानुमते असला तरच सौदा. आईच्या नावावर मोठा हिस्सा. उद्या ती कोर्टात गेली तर त्यांचं सगळं अडकणार. एक ओळ आहे, बाई, मध्ये. एक ओळ काढा.”

“मला काढता येणार नाही.”

“लिहिणाऱ्याला काढता येत नाही?”

“सभेत जे झालं ते मी घरी बसून कसं बदलू? पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम होतं. चुकलं असेल तर तिथं दुरुस्ती होते.” आणि मग मी जे म्हटलं ते असं. “आक्का स्वतः सभेत म्हणाल्या की मी विरोध केला नव्हता, तर मी माझ्या हाताने ती ओळ खोडीन.”

त्या वेळी मला हे फार चोख उत्तर वाटलं होतं. नियमाला धरून, आणि साहेबांचाही मान राखून. त्यांचं तोंड बंद झालं असं समजून मी उठले. धन्यकुमार मात्र टेबलावर बोटं वाजवत बसले होते, तेव्हा ते काय विचार करत होते हे मला कळायला हवं होतं.

“सभेत आईनं म्हणायचं,” मी दाराशी पोचले तेव्हा ते म्हणाले. “एवढंच ना?”

“एवढंच.”

*

मसुदा घेऊन मी आक्कांकडे गेले. वहीत उतरवण्याआधी सगळ्या संचालकांना दाखवायचा असतो. आक्कांना तो कधी कुणी दाखवला नव्हता. आम्ही त्यांच्या नावापुढे टिक करून मोकळे होत असू. त्या जेवायला बसल्या होत्या. मोठ्या टेबलाच्या एका कोपऱ्यात एक ताट, एक तांब्या. भाकरी, वाटीभर आमटी, लसणाची चटणी.

“ये. जेवतीस?”

“जेवून आले.”

“मग बस. एकटीला घास उतरत न्हाई. कोण समोर बसलं तर बरं वाटतं.”

त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या. ‘श्रीमती रत्नाबाई भूपाल बेडकिहाळे यांनी, वसाहतीतील घरांसंबंधी कै. भूपालअण्णांनी कामगारांना दिलेल्या शब्दाकडे लक्ष वेधून, या ठरावास आपला विरोध नोंदवला. ठराव बहुमताने मंजूर.’ बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

“बहुमतानं म्हंजे?”

“ते दोघं एका बाजूला. तुम्ही एका बाजूला.”

“म्हंजे झालाच की ठराव.”

“झाला. पण तुमचा विरोध लिहिलेला असताना घेणारे पुढं येणार नाहीत. घरं राहतील.”

आक्कांनी चष्मा काढला. “एवढ्या वर्षांत ह्या टेबलावर किती उपमा झाला असंल गं? त्यातलं काय कुठं लिवलं न्हाई. आणि एक वाक्य बोललो तर एवढं झालं?”

“एवढं झालं.”

“लग्न होऊन आलो तवा आम्हीबी त्या वसाहतीतच राहत होतो. हे ठावं हाय तुला? अण्णा दिवसभर भट्टीवर. शिदू मोल्डरची आई मला पाणी आणून द्यायची. पहिल्या बाळंतपणात तिनंच मला न्हाऊ घातलं.” त्यांनी मसुदा माझ्याकडे सरकवला. “बरोबर लिवलंस. ह्यातलं एक अक्षर काढू नगंस.”

“साहेब म्हणतील...”

“म्हणू दे. मी हाय.”

मी त्याच दुपारी ते वहीत उतरवलं. पक्क्या शाईने, सुवाच्य. वहीची पानं क्रमांक घातलेली असतात, एक पान फाडता येत नाही. असं लिहिताना एक प्रकारचं सुख वाटतं, ते या कामातल्या माणसालाच कळेल.

कारखान्यात अशा गोष्टी लपत नाहीत. टेबलापाशी चहा देणारा माणूस असतो, गाडीत ड्रायव्हर असतो. आठवड्याभरात शिदू मोल्डर मला गेटपाशी आडवा आला. साचे करणाऱ्यांत त्याच्याइतका जुना माणूस राहिला नव्हता. मी त्याला मामा म्हणे.

“बाई, आक्का बोलल्या म्हंत्यात.”

“मला काही सांगता येत नाही, मामा. सभेतलं बाहेर बोलायचं नसतं.”

“नगा सांगू. तुमच्या तोंडावर दिसतंय की.”

“काय दिसतंय?”

“पोरगी पहिल्या नंबरात आल्यावर दिसतं तसं.” तो हसला, आणि मलाही हसू आलं. “दोन वर्सं झालं, घराच्या पुढच्या अंगाला पत्रा घालायचा ठेवलाय. म्हटलं, आज पाडतील, उद्या पाडतील, कशाला घालावा? आता घालतो. चांगला डबल पन्हाळीचा.”

“मामा, जरा थांबा. पुढची सभा होऊ द्या.”

“का? आक्का शब्द फिरवत्यात व्हय?”

“नाही,” मी म्हटलं. “आक्का नाही फिरवणार.”

त्याने पत्रा घातला. रस्त्यावरून जाताना तो उन्हात चमकलेला दिसायचा.

*

पुढच्या सभेला बंगल्याचं फाटक उघडलं तेव्हा मला झोपाळ्याची कुरकुर ऐकू आली. धन्यकुमारांच्या दोघी मुली झोपाळ्यावर उभ्या राहून झोके घेत होत्या. व्हरांड्यात पाटी, दप्तरं, दोन बाहुल्या. आत पद्मजावहिनी, धन्यकुमारांच्या पत्नी, टेबल पुसत होत्या.

“या, हुद्दारबाई. आत्ता पोहे आणते हं.”

“तुम्ही कधी आलात?”

“आलो आठवडा झाला. म्हटलं, आईंना एकटं किती दिवस ठेवायचं? आता इथेच.”

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आक्का नवं इरकली लुगडं नेसून खुर्चीत बसल्या होत्या, आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून. मी वही उघडून त्यांच्याकडे पाहून हसले. त्या झोपाळ्याकडे पाहत होत्या.

“विषय पहिला,” धन्यकुमार म्हणाले. “मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचा, बाई.”

मी वाचलं. पाचव्या विषयापाशी माझा आवाज थोडा चढला असेल. ‘... विरोध नोंदवला. ठराव बहुमताने मंजूर.’

हेरवाडे वकिलांनी घसा साफ केला. “आक्का, हे तुमच्या नावावर आहे म्हणून विचारतो. हे असं झालं होतं?”

बाहेर धाकटी मोठीला म्हणत होती, आता माझी पाळी.

“मी बोललो ते घरचं बोलणं होतं,” आक्का म्हणाल्या. “आई लेकाला बोलते तसलं. सभेत विरोध करायचा म्हणून न्हवं.”

“मग विरोध नोंदवा असं तुम्ही सांगितलं नव्हतं?”

“सुनंदानं विचारलं, नोंदवू का. मी आपलं व्हय म्हटलं. मला काय कळतंय त्यातलं?”

“म्हणजे बाईंनी सुचवलं.”

आक्कांनी मान हलवली. होकाराची.

“आक्का,” मी म्हणाले, “तुम्ही स्वतः वाचलंत. इथेच बसून. एक अक्षर काढू नको म्हणालात.”

“हुद्दारबाई,” धन्यकुमार शांतपणे म्हणाले, “सभेत संचालक बोलतात. सचिव लिहितात.”

मी आक्कांकडे पाहत राहिले. त्यांनी एकदा तरी वर बघावं, एवढंच मला हवं होतं. त्या बांगड्या मागेपुढे करत होत्या.

“तुम्हीच म्हणाला होता,” धन्यकुमारांनी आठवण दिली. “आई सभेत म्हणाली तर स्वतःच्या हातानं खोडीन. आम्ही कोण हात लावणार तुमच्या वहीला?”

मी पट्टी काढली. चार ओळींवर चार रेघा मारल्या, सरळ. समासात लिहिलं, ‘चुकीने नोंदवले गेल्याने रद्द.’ त्याखाली ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलं. धन्यकुमारांनी सही केली. पद्मजावहिनी पोहे घेऊन आल्या. हेरवाडे म्हणाले, “वा, कोथिंबीर ताजी दिसते.”

*

निघताना मागच्या अंगणातून जावं म्हणून मी वळले, तर आक्का तिथे धुण्याच्या दगडापाशी उभ्या होत्या. मला गाठायलाच आल्या असणार. हातात डबा होता.

“आईला पोहे घेऊन जा.”

“नको.”

“रागावलीस.”

“तुम्ही मला खोटं पाडलंत, आक्का. चौघांत.”

“व्हय. पाडलं.”

मला वाटलं होतं त्या काहीतरी सारवासारव करतील, वकिलावर नाहीतर मुलावर ढकलतील. तसं केलं असतं तर कदाचित मला सोपं गेलं असतं.

“का पण?”

त्यांनी डबा दगडावर ठेवला. “धनू आला एक दिवस. म्हणाला, आई, एक ओळ हाय मधी. ती काढ, आम्ही सगळी उद्या सकाळी हितं येतो. न काढशील तर पोरींची तोंडं बघायला मिळायची न्हाईत. ओरडला न्हाई. हळू आवाजात बोलला, बापासारखा.” आतून पोरींचा गलका आला. त्या ऐकत राहिल्या. “दोघी माझ्या दोन बाजूला बसून जेवत्यात आता. धाकटी माझ्या ताटातलं उचलून खाती.”

“आणि शिदूमामा? त्याच्या आईने तुम्हाला न्हाऊ घातलं ना?”

“घातलं.”

“मग?”

“दोन्ही राखता आलं असतं तर राखलं नसतं व्हय मी?”

“आणि मी? बाईंनी सुचवलं, असं म्हणायला लावलंत तुम्ही त्यांना. विचारलं तर मान हलवलीत.”

“तुला काय,” आक्का म्हणाल्या. “तू शिकलेली हाईस. तुला दुसरी नोकरी मिळंल. मला दुसऱ्या नाती कोण देणार?”

मी डबा न घेता निघाले.

दुसरी नोकरी मिळाली नाही. गाव तेवढंच. सगळे कारखानदार एकाच क्लबात बसणारे. हुद्दारबाईंनी आईला लेकाविरुद्ध चिथावलं, वहीत नाही नाही ते लिहिलं, असं चार ठिकाणी बोललं गेलं. ज्याच्या घरातली भांडणं सभेत येतात, त्याला असली सचिव नको असते; आणि कुणाच्या घरात भांडणं नव्हती? मी पुढे टायपिंगचा क्लास चालवला. आई गेली तेव्हा गाडी पाठवणारं कुणी नव्हतं.

*

राजीनामा मी कुणी मागायच्या आधीच दिला. नेमणुकीच्या अटीप्रमाणे तीन महिने थांबावं लागलं, आणि त्या तीन महिन्यांत जे व्हायचं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. मुंबईच्या पार्टीने ठरावाची प्रमाणित प्रत मागितली, मी सही करून दिली. खरेदीखत झालं. फौंड्रीची धुराडी पाडली, मग वसाहत. शिदू मोल्डरने आपला पत्रा स्वतःच उतरवला, वाकू नये म्हणून एकेक खिळा सावकाश काढत. हातगाडीवर पत्रा, वर गाद्या, त्यावर म्हातारी बायको. मी गेटात उभी होते. तो माझ्याकडे पाहून थांबला.

“मला वाटलंच,” तो म्हणाला.

“काय वाटलं, मामा?”

“तुम्ही पोरगी म्हणून गप्प बसला असाल. लिवायला सांगितलं असंल आक्कांनी, आणि तुम्ही साहेबाला भ्याला असाल.” त्याच्या आवाजात राग नव्हता. “चालायचंच. तुम्हालाबी पोट हाय.”

वसाहतीतल्या सगळ्यांनी तेच धरलं. आक्का बोलल्या होत्या, बाईनेच खोडलं. चहा देणाऱ्याने मला पट्टी ठेवून रेघा मारताना पाहिलं होतं, ते तर खरंच होतं. आक्कांना सगळे पाया पडून गेले. त्यांनी प्रत्येकाच्या बायकोला लुगडं दिलं.

माझ्या शेवटच्या सभेची विषयपत्रिका मीच तयार केली. विषय चौथा, सचिवांचा राजीनामा स्वीकारणे. बंगल्यावर गेले तेव्हा पद्मजावहिनी नव्हत्या. खरेदीखताच्या नंतरच्या रविवारी त्या मुलींना घेऊन ताराबाई पार्कात परत गेल्या होत्या. तिकडून शाळा जवळ पडते, असं कारण सांगून. मला ते ड्रायव्हरकडून कळलं. आक्कांनी मला काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या पुष्कळ खंगल्यासारख्या दिसत होत्या. मला वाईट वाटायला हवं होतं.

“विषय चौथा,” धन्यकुमार म्हणाले. “स्वीकारला. सर्वानुमते.”

“आभाराचा ठराव घालायला हवा,” हेरवाडे म्हणाले. “तशी पद्धत आहे. बाईंनी इतकी वर्षं काम केलं, काही झालं तरी.”

“घाला की. कोण मांडतंय?”

“मी मांडतो,” आक्का म्हणाल्या.

मी लिहायचं थांबले. टेबलाच्या त्या टोकाला त्या बसल्या होत्या. माझ्याकडे सरळ पाहत होत्या आता. मागच्या सभेत जे मी मागत होते ते आता आयतं समोर होतं, आणि मला नको होतं.

“आक्का,” मी विचारलं, “हे घरचं बोलणं समजू की सभेतलं?”

हेरवाडे वकिलांनी चमचा खाली ठेवला. धन्यकुमार काही बोलणार होते, पण आक्कांनी त्यांना हाताने थांबवलं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी ते पुसले नाहीत.

“सभेतलं,” त्या म्हणाल्या. “तसंच लिव.”

‘मावळत्या सचिव कु. सुनंदा हुद्दार यांच्या निष्ठापूर्वक सेवेबद्दल मंडळ आभार व्यक्त करीत आहे. मांडणार, श्रीमती रत्नाबाई बेडकिहाळे. अनुमोदन, अध्यक्ष. सर्वानुमते मंजूर.’ तो ठराव मलाच लिहावा लागला. माझ्या जागी अजून कुणी आलं नव्हतं.